थंड गाडीचा आरपीएम वरखाली होतोय? ईसीएम बदलण्याआधी हवा कुठून शिरते ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०११ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेली. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की आरपीएम १६०० पर्यंत चढतो, धपकन ९०० वर येतो, परत चढतो. पाच-सात मिनिटं हेच चालतं. दुपारी तीच गाडी काहीच झालं नाही अशी चालते. इंजिनचा पिवळा दिवा लागत नाही. प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) दोनदा साफ झाली, आणि आता गॅरेजमध्ये सांगतायत की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलावा लागेल.

ईसीएम बदलू नका. निदान अजून नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी सव्वीस वर्षं पेट्रोल इंजिनं उघडतोय. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला आधी मॅनिफोल्डचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याचा, संशय येतो. आमच्याकडे याला ‘इंजिन एअर घेतंय’ म्हणतात. ज्या वाटेवर कॉम्प्युटरचा ताबा नाही, अशा वाटेनं हवा आत शिरतेय. ती वाट बहुतेक वेळा पन्नास-शंभर रुपयांच्या रबरात असते, म्हणूनच महागडा भाग बदलायची घाई बघितली की मला वाईट वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. थंड गाडी सुरू केल्यावर आरपीएम १२००-१५०० ला जाणं हा दोष नाही. इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून कॉम्प्युटर मुद्दाम तसं करतो, आणि मग तो आकडा सावकाश एकाच दिशेनं खाली येतो. तुमच्या गाडीत तो झोपाळ्यासारखा हलतोय, आणि दोष त्या हलण्यात आहे.

असं का होतं ते कळलं की शोधणं सोपं जातं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, म्हणजे इंजिन आयडलला असताना, थ्रॉटलचा बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी-मिटवणारी चकती) जवळजवळ मिटलेला असतो. पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे बटरफ्लायच्या मागे, मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. कोल्हापूर-पुण्याच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. गरम, निरोगी इंजिन आयडलला असताना मॅनिफोल्डमध्ये तो ३० ते ४० च्या दरम्यान येतो. दाबात एवढा फरक असला की जिथे फट मिळेल तिथून बाहेरची हवा आत घुसते.

किती घुसते याचा अंदाज घ्या. १.२ लिटरचं इंजिन आयडलला सेकंदाला दोन ते तीन ग्रॅम हवा घेतं. तीन मिलिमीटरच्या एका भोकातून तेवढ्याच वेळात जवळपास एक ग्रॅम हवा आत जाते. म्हणजे इंजिनच्या गरजेतला तिसरा हिस्सा कुणाला न विचारता आत आला. पण तुम्ही ८० च्या वेगानं हायवेवर असाल तर इंजिन याच्या कितीतरी पट हवा घेत असतं, बटरफ्लाय उघडा असतो, मॅनिफोल्डमधली ओढही कमी झालेली असते. तिथे त्या एका ग्रॅमचा पत्ताही लागत नाही. म्हणून हा आजार सिग्नलला, पार्किंगमध्ये, सकाळी गेटपाशी दिसतो आणि गाडी पळवली की गायब होतो. टेस्ट ड्राइव्ह मारून ‘गाडी ठीक आहे’ म्हणणारा मिस्त्री खोटं बोलत नसतो. त्यानं गाडी चुकीच्या जागी तपासलेली असते.

आता तुमचा दिवा का लागत नाही ते. आत येणारी हवा मोजायच्या दोन पद्धती आहेत. काही गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे एअर फ्लो सेन्सर असतो, तो येणारी हवा ग्रॅममध्ये मोजतो. अशा गाडीत लीकची हवा सेन्सरच्या मागून शिरते, त्यामुळे ती मोजलीच जात नाही. पेट्रोल कमी पडतं, मिश्रण पातळ होतं, आणि काही दिवसांत कॉम्प्युटर पी०१७१ हा दोषाचा कोड नोंदवतो, दिवा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र एअर फ्लो सेन्सर नसतो. तिथे मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब वाचतो आणि त्यावरून हवेचा हिशेब होतो. लीकची हवा आत आली की दाब वाढतो, तो वाढलेला दाब सेन्सरला दिसतो, आणि कॉम्प्युटर इमानदारीनं त्या हवेपुरतं पेट्रोलही सोडतो. मिश्रण बरोबरच राहतं, फक्त इंजिन विनाकारण जोरात फिरतं. म्हणून पातळ मिश्रणाचा कोड येत नाही. आलाच तर पी०५०७, म्हणजे आयडल ठरल्यापेक्षा जास्त.

झोपाळा होतो तो यामुळेच. आरपीएम जास्त दिसला की कॉम्प्युटर बटरफ्लाय आणखी मिटवतो. तो पूर्ण मिटला तरी हवा येतच राहते. मग कॉम्प्युटरला वाटतं की पाय उचललेला आहे आणि आरपीएम चढलेला आहे, म्हणजे गाडी उतारावरून येतेय. उतारावर तो पेट्रोल पूर्ण बंद करतो, तसंच इथे करतो. आरपीएम कोसळतो. इंजिन बंद पडायला नको म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू होतं, आरपीएम पुन्हा चढतो, आणि हे असंच चालू राहतं. तुमचा ईसीएम इथे आपलं काम चोख करतोय.

राहिला प्रश्न सकाळचाच का. रबर थंडीत आखडतं. मॅनिफोल्ड इंजिनला जिथे जोडतो तिथल्या खाचेत बसणारं रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग. पंधरा वर्षांचा ओ-रिंग इंजिनच्या उष्णतेनं आधीच कडक झालेला असतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तो आणखी आकसतो आणि खाचेत केसभर जागा सोडतो. इंजिन तापलं की धातू आणि प्लॅस्टिक फुगतं, रबर थोडं मऊ पडतं, फट बुजते. सुरुवातीच्या त्या मिनिटांत ऑक्सिजन सेन्सरही पुरता तापलेला नसतो, कॉम्प्युटर ठरलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडत असतो आणि मिश्रणातली चूक नोंदवत नसतो. तो लक्ष द्यायला लागेपर्यंत फट बंद झालेली असते.

एक गाडी सांगतो, कारण ती तुमच्या गाडीची सख्खी बहीण वाटते. गडहिंग्लजचे एक गुरुजी तीन वेळा माझ्याकडे आले. सकाळी निघायचे, माझ्याकडे पोचेपर्यंत साठेक किलोमीटर झालेले, गाडी ठणठणीत. तिसऱ्या वेळी मी त्यांना एसटीनं घरी पाठवलं आणि गाडी रात्रभर ठेवून घेतली. डिसेंबर होता. सकाळी साडेसहाला, चावीही न लावता, एअर फिल्टरच्या पाइपमधून मॅनिफोल्डमध्ये मशिननं धूर सोडला, म्हणजे फट असेल तिथून तो बाहेर येतो. दोन मिनिटं काही नाही. बॅटरीचा प्रकाश तिरका धरून दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा मॅनिफोल्डच्या मागे घातला, तेव्हा तिसऱ्या नळीच्या बुडातून उदबत्तीच्या धुरासारखी एक बारीक रेघ वर येताना दिसली. समोरून ती कधीच दिसली नसती.

मॅनिफोल्ड उतरवला. नवा ओ-रिंग हातात घेतला तर तो गोल असतो, खाचेतून थोडा वर डोकावतो, नख दाबलं तर दबतो आणि परत उठतो. हा चपटा होऊन खाचेच्या पातळीला आला होता. नखाची खूण उमटेना. चिमटीत धरून वाकवला तर बाहेरच्या बाजूला भेगा पडल्या आणि तुटला. खाचेच्या आतल्या कडेला, हवा शिरत होती नेमकी तेवढ्याच जागी, तपकिरी धुळीची रेघ होती. ती रेघ मी गुरुजींना मुद्दाम दाखवली. लीकमधून येणारी हवा फिल्टरमधून येत नाही. रस्त्यावरची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासते. आयडल थोडं हलतंय तर हलू दे म्हणून वर्षभर गाडी चालवू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता तुम्ही घरी काय करू शकता ते.

रात्री गाडी अशी लावा की सकाळी बॉनेट उघडून उजेडात उभं राहता येईल. सुरू करण्याआधी पाहा. मॅनिफोल्डपासून निघणाऱ्या प्रत्येक रबरी पाइपवर बोट फिरवा, विशेषतः टोकाशी, जिथे तो निपलवर चढतो. भेग नेहमी तिथेच पडते आणि बरेचदा खालच्या बाजूला असते. पाइप वाकवून बघा, सरळ असताना मिटलेली चीर वाकवल्यावर तोंड उघडते. बोट काळं आणि चिकट झालं तर त्या रबराचं आयुष्य संपलं. उंदराचे दात दिसतायत का तेही बघा. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की उंदीर बॉनेटखाली बिऱ्हाड थाटतात, आणि त्यांनी कुरतडलेले पाइप मी दरवर्षी बदलतो.

मग सुरू करा. पंखा आणि बेल्टपासून ओढणी, बाह्या, मफलर लांब ठेवा. सूंऽऽ असा एकसुरी आवाज कुठून येतो ते ऐका. हातभर लांबीचा रबरी पाइप घेऊन एक टोक कानाशी धरा आणि दुसरं सांध्यांजवळून फिरवा. डॉक्टरच्या नळीसारखं काम करतं. पातळ शिट्टीसारखा आवाज असेल तर फट बारीक आहे.

यानंतरची तपासणी सर्वात जास्त कामाची: एकेक पाइप बंद करून बघणं. आयडल हलत असताना एक पाइप दाबून बंद केला आणि इंजिन शांत झालं, तर दोष त्या पाइपच्या पलीकडे आहे. पण जुना पाइप उघड्या पक्कडीनं दाबलात तर तिथेच चिरेल आणि एकाचे दोन लीक होतील. पक्कडीच्या जबड्याला कापड गुंडाळा. पाइप फारच कडक असेल तर दाबूच नका, इंजिन बंद करून पाइप काढा, निपलला घट्ट रबरी टोपी लावा आणि पुन्हा सुरू करा. प्लॅस्टिकच्या निपलवरून पाइप उपसू नका, आधी फिरवून सोडवा. तुटलेल्या निपलपायी अख्खा मॅनिफोल्ड बदलावा लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये आणणाऱ्या व्हॉल्वचा, पाइप दाबल्यावर आरपीएम किंचित उतरतो, ते ठीक आहे. कारण तिथून थोडी हवा जाणं अपेक्षितच असतं. पण तो दाबल्यावर सगळा झोपाळा थांबला, तर पीसीव्ही व्हॉल्व उघडा अडकलाय. व्हॉल्व काढून कानाशी हलवा, आतला गोळा खुळखुळला पाहिजे. ऑइलच्या चिकट्यानं तो आत बसून राहतो. ज्या रबरी बुशात तो बसतो, ते बुशही कडक होऊन हवा घेतं.

पेट्रोलची वाफ इंजिनात आणणारा पर्ज व्हॉल्व विसरू नका. थंड इंजिन आयडलला असताना तो बंद असला पाहिजे. कॅनिस्टरच्या (टाकीतली वाफ साठवणाऱ्या डब्याच्या) बाजूचा पाइप काढून व्हॉल्वच्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर व्हॉल्व अडकलाय. अशा गाडीची आणखी एक खूण म्हणजे पेट्रोल भरून झाल्यावर पंपावरच ती सुरू व्हायला त्रास देते.

सीएनजी किट बाहेरून बसवलेली गाडी असेल तर मी बाकी सगळं सोडून आधी तिथेच जातो. किट बसवताना मॅनिफोल्डच्या प्रत्येक नळीला भोक पाडून गॅसची निपलं बसवलेली असतात, आणि रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) व दाबाच्या सेन्सरसाठी एखाद्या व्हॅक्यूम पाइपात टी घातलेला असतो. हे काम हातानं झालेलं असतं. निपल ढिलं होतं, टीवरचा पाइप चिरतो. तुम्ही किटचा उल्लेख केलेला नाही, पण गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतली असेल आणि त्यानं किट काढून विकलं असेल, तर ती भोकं कशानं बुजवली आहेत ते नक्की बघा. मला एकदा एम-सील सापडलं होतं, अर्धं निघून आलेलं.

ब्रेक बूस्टरबद्दल (मॅनिफोल्डमधल्या ओढीवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याबद्दल) मात्र थांबून लिहितो, कारण इथे गोष्ट आयडलपुरती राहत नाही. मॅनिफोल्डपासून बूस्टरपर्यंत एक जाड पाइप जातो आणि त्यात एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा व्हॉल्व असतो. तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते दगडासारखं कडक होईल. पाय दाबून ठेवूनच गाडी सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. मग गाडी बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पेडल दाबा. पहिली एक-दोन दाबणं मऊ असली पाहिजेत. ती कडक लागली तर साठवलेला व्हॅक्यूम गळतोय. ब्रेक दाबून धरल्यावर आयडल बदललेलंच राहत असेल किंवा पायाशी सतत फुस्स आवाज येत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. असं काही आढळलं तर ती गाडी घेऊन आंबा घाट, आंबोली, खंबाटकी काही उतरू नका. बूस्टर नसताना ब्रेक लागतो, पण त्यासाठी पायाला जो जोर द्यावा लागतो तो ऐन वेळी कुणाला सुचत नाही. आधी तो पाइप, मग बाकीचं सगळं.

पाइपांत काही सापडलं नाही तर कपड्यांना इस्त्री करताना वापरतो तो पाण्याचा फवारा घ्या. मॅनिफोल्ड आणि हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) सांध्यावर, थ्रॉटल बॉडीच्या पॅकिंगवर, इंजेक्टरच्या बुडाशी बारीक तुषार मारा, एका वेळी एकाच जागी, आणि पाच सेकंद थांबा. फटीवर पाणी गेलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनचा आवाज बदलतो. इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटर वाचवा.

कार्ब क्लीनर, पेट्रोल किंवा न पेटवलेला गॅस मारून लीक शोधायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. युक्ती खरी आहे, लीकवर मारलं की आरपीएम बदलतो. माझ्याच गॅरेजमध्ये मी ती वर्षानुवर्षं वापरली. मग एक दिवस माझ्याकडचा पोरगा फवारा मारत असताना चिरलेल्या प्लग वायरमधून ठिणगी उडाली आणि भडका झाला. त्याच्या हाताला महिनाभर पट्टी होती. त्या दिवसापासून चालू इंजिनवर पेटणारं काहीही मारायला माझ्याकडे बंदी आहे. तुम्हीही मारू नका. उदबत्ती फिरवून धूर कुठे ओढला जातो ते बघणारेही आहेत, पण पेट्रोलचा जरासुद्धा वास येत असेल तिथे निखारा नेणं वेडेपणा आहे.

कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर मिळाला तर काम निम्मं होतं. हजार रुपयांच्या आत मोबाइलला जोडायचं डोंगल येतं. २०११ च्या काही गाड्यांशी स्वस्त डोंगल बोलत नाही, मग गॅरेजचा स्कॅनर लागेल. आधी चावी चालू, इंजिन बंद ठेवून मॅपचा आकडा बघा. तो तुमच्या गावच्या हवेचा दाब दाखवेल: मुंबईत १०० च्या आसपास, पुण्या-साताऱ्याकडे ९५, महाबळेश्वरला ८६ च्या घरात. इथेच आकडा चुकला तर सेन्सरच खोटा आहे. मग थंड इंजिन सुरू करून आकडा झोपाळ्याबरोबर कसा हलतो ते पाहा, आणि गरम झाल्यावर एसी, दिवे बंद ठेवून पुन्हा. गरम आयडलला ३० ते ४० ठीक. ४५-५० दिसत असेल आणि त्याच वेळी थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटलेला असेल, तर हवा दुसरीकडून येतेय. थ्रॉटल मिटलेला नसेल आणि तरी दाब जास्त असेल, तर टायमिंग चेन किंवा व्हॉल्वकडे बघावं लागेल. मॅपचा एकटा आकडा बघून निर्णय घेऊ नका.

एअर फ्लो सेन्सरवाली गाडी असलेल्या वाचकांसाठी: तुम्ही फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी सोडतोय तो आकडा) बघा, तात्पुरता आणि दीर्घ मुदतीचा, दोन्हींची बेरीज. आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ३-४ असेल तर व्हॅक्यूम लीक. उलट असेल, म्हणजे आयडलला ठीक आणि जोर मागितला की वाढत असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर. आणि सगळीकडे सारखाच थोडा अधिक असेल तर लगेच लीक म्हणू नका. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त घालावं लागतं, आणि जुन्या हिशेबावर बांधलेल्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिकच्या बाजूला सरकतो. तो सरकतो सगळ्या आरपीएमला सारखाच. लीक आयडललाच दिसतो. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे अलीकडे चांगले मॅनिफोल्ड विनाकारण उतरवले जातायत.

एवढं करूनही सापडलं नाही तर धुराचं मशिन असलेलं गॅरेज गाठा आणि त्यांना दोन अटी घाला. पहिली, गाडी रात्रभर तिथेच राहील आणि धूर सकाळी थंड इंजिनात सोडायचा. दुसरी, दाब एक पीएसआयच्या आत. कंप्रेसरची हवा सरळ मॅनिफोल्डमध्ये सोडणारे लोक आहेत. त्यानं पीसीव्हीमार्गे क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, दाब जातो आणि चांगली ऑइल सील बाहेर येतात. धूर कुठून निघाला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आरशात बघावं लागलं तरी.

दुरुस्तीचं बोलायचं तर पाइप चिरलेला असेल आणि लांबीत थोडी ढील असेल तर टोकाचा एक सेंटिमीटर कापून परत चढवता येतो. पण तो आठवडाभराचा उपाय. बदलताना व्हॅक्यूमसाठीचाच पाइप घ्या. सलाइनची नळी, माशांच्या टाकीचा पाइप, काचेवर पाणी मारायचा पाइप, हे सगळं मी निपलवर चढवलेलं पाहिलंय. इंजिनच्या उष्णतेनं ते मऊ पडतं आणि ओढीनं चपटं होऊन मिटतं. बूस्टरला तर फक्त जाड भिंतीचा, त्यासाठीच बनवलेला पाइप. चढवताना साबणाच्या पाण्याचा थेंब लावा, ग्रीस नको.

ओ-रिंगचं काम निघालं, आणि मला वाटतं ते निघेल, तर चारही बदला. एक गेला म्हणजे बाकीचे तिघे त्याच वयाचे आहेत. थ्रॉटल बॉडीचं पॅकिंगही त्याच वेळी. बॅटरीची निगेटिव्ह काढून, पेट्रोलचा दाब सोडून मगच मॅनिफोल्डला हात घालावा. उतरल्याबरोबर हेडच्या उघड्या तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे घालायचे. चार घातले तर चार मोजून बाहेर काढायचे. वॉशर आत पडला तर हेड उघडावं लागतं. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग पॉलिश पेपरनं घासू नये. प्लॅस्टिकची पट्टी आणि थोडं क्लीनर पुरे.

‘जरा सिलिकॉन लावून देतो’ असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. ओ-रिंगच्या खाचेत सिलिकॉनचं काही काम नाही. जास्तीचं आत लोंबतं, तुटून सिलिंडरमध्ये जातं, आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, आलटून-पालटून, दोन फेऱ्यांत आवळायचे, टॉर्क पान्यानं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टला तो बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटर, म्हणजे हाताला ‘फारच कमी झालं’ असं वाटेल इतका. प्लॅस्टिक मॅनिफोल्डवर जोर दाखवला की बोल्ट बसतो तो कान तडकतो आणि नवा लीक जन्माला येतो.

काम झाल्यावर गाडी पहिल्या दिवशी थोडी विचित्र वागेल. कॉम्प्युटरनं इतके महिने लीकची हवा धरून थ्रॉटल किती मिटवायचा ते शिकून ठेवलेलं असतं. लीक गेला की तोच आकडा कमी पडतो आणि आयडल खाली जातं, एखाद्या वेळी सिग्नलला बंदही पडतं. घाबरू नका आणि परत थ्रॉटल साफ करू नका. स्कॅनरनं आयडल पुन्हा शिकवून घ्या. ते जमत नसेल तर एसी, दिवे बंद ठेवून रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत गाडी आयडलला चालू द्या, मग एसी लावून आणखी पाच मिनिटं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. बॉनेट उघडून सुरू करा आणि काट्याकडे बघत राहा. आरपीएम तेराशे-चौदाशेला चढेल आणि इंजिन तापेल तसा हळूहळू, एकदाच, साडेसातशेपर्यंत उतरेल. उतरता उतरता पुन्हा वर गेला तर मला तीन आकडे लिहून पाठवा: चावी चालू आणि इंजिन बंद असतानाचा मॅप, थंड आयडलचा मॅप आणि त्या वेळचा थ्रॉटलचा टक्का. सोबत कुठला पाइप दाबल्यावर काय झालं तेही लिहा. पुढचं आपण त्यावरून बघू.